खाली किती गेले, वर किती आले?

'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन'चं नाव काढलं की आमच्या होस्टेलवर निम्म्या जणींच्या कपाळाला आठ्या पडतात. नुसते गोल आणि बाण! मी कॉन्व्हेंटची, स्टेटला स्टेटच म्हणणार, तेवढं चालवून घ्या.

आधी सोपं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गाडीची पाटी बघा : एमएच, मग ३४, एक-दोन अक्षरं, शेवटी चार आकडे. ती तपासणाऱ्या यंत्राला एकेक चिन्ह वाचत 'आपण कुठवर आलो' एवढंच लक्षात ठेवावं लागतं. त्या 'कुठवर'च्या ठरावीक जागा म्हणजे स्टेट्स, आणि ते यंत्र म्हणजे फायनाइट ऑटोमेटॉन. ते ओळखू शकतं ती रेग्युलर लँग्वेज. रेग्युलर एक्स्प्रेशनची ताकदही नेमकी तेवढीच, हे स्टीफन क्लेनी यांनी १९५६ साली छापून आलेल्या लेखात दाखवलं.

आता अवघड. बल्लारपूर म्हणजे कागद आणि कोळसा. भूमिगत खाणीच्या तोंडाशी असंच यंत्र बसवलंय असं समजा. शिफ्टला माणूस खाली गेला की 'ख', वर आला की 'व'. जितके ख, तितकेच व आले तरच यंत्राने 'सगळे सुखरूप' म्हणायचं. यंत्राला ५० स्टेट्स आहेत. एकापाठोपाठ ५१ माणसं खाली गेली, तर कुठल्यातरी दोन वेगळ्या संख्यांना यंत्र एकाच स्टेटमध्ये असणार. समजा, ४० आणि ४३ ला. मग ४० उतरून ४० वर आल्यावर ते 'सुखरूप' म्हणत असेल, तर ४३ उतरून ४० वर आल्यावरही तेच म्हणेल. तिघं खालीच! पम्पिंग लेमाचं मूळ हेच. पुस्तकात ते उगाच भीतीदायक करून ठेवलंय.

कुणी म्हणेल, खाणीत माणसं ठरावीकच असतात, ३०० असतील तर ३०१ स्टेट्स पुरे. बरोबर आहे, पण फक्त मोजायला. कोण कोण खाली आहे हे नावानिशी ठेवायचं, तर प्रत्येक शक्य गटाला एक स्टेट, म्हणजे २ चा ३०० वा घात. ही संख्या ९१ आकडी आहे.

म्हणून जास्तीची मेमरी हवी. लांब खिळ्यात टोकन अडकवत जा, हा झाला स्टॅक. मोजणी जमली. पण टोकनवर नाव असेल तर शेवटी गेलेला आधी वर यायला हवा, कारण वरचंच टोकन निघतं. पहिला गेलेला पहिला आला की खिळा अडला.

त्यापेक्षा हजेरीचं रजिस्टर बरं. मागे जा, नाव शोधा, खूण करा, पुन्हा पुढे या. ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये कल्पिलेलं यंत्र एवढंच करतं : टेपवर वाचणं, लिहिणं, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकणं. फक्त त्याची टेप कधी संपत नाही. आपल्या पेपर मिलचा कागदही तिथे अपुरा पडेल. आणि खाण कायदा, १९५२ नेही भूमिगत कामगारांसाठी रजिस्टरच सांगितलं होतं, ज्यात कुठल्याही क्षणी खाली असलेल्या प्रत्येकाचं नाव दिसायला हवं होतं.