निवृत्तीची वर्गणी आणि फंडाचा खर्च : वाचकांचे प्रश्न

निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशाचा हिशेब दोन आकड्यांवर चालतो : दरवर्षी किती भरले आणि ते सांभाळण्यापोटी किती कापले गेले. पहिला आकडा पगारपत्रकावर आणि पासबुकात ठळक छापलेला असतो. दुसरा दोन-तीन टक्क्यांच्या आतला असतो आणि बहुतेक वेळा खात्यातून वजा होताना दिसतही नाही. पुढील प्रश्न या दोन्ही आकड्यांबद्दलचे आहेत.

प्रश्न १ : मूळ वेतन ३०,००० रुपये असून पगारातून पीएफचे ३,६०० रुपये कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते, असे सांगतात. पण पासबुकात कंपनीचे फक्त २,३५० रुपये जमा दिसतात. उरलेले कुठे जातात? (कारखान्यातील कर्मचारी, चाकण)

उत्तर : उरलेले १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात. १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कर्मचारी भरतो आणि तेवढीच मालक भरतो. मात्र मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेकडे वळवले जातात. हा हिस्सा काढताना वेतन महिना १५,००० रुपयांपेक्षा जास्त धरले जात नाही; ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. १५,००० चे ८.३३ टक्के म्हणजे १,२५० रुपये. ते ३,६०० मधून वजा झाले की निधीत २,३५० उरतात.

पासबुकात पेन्शनच्या वर्गणीचा रकाना वेगळा असतो. त्या रकमेवर पीएफप्रमाणे व्याज चढत नाही; पेन्शन किती मिळणार हे नोकरीची वर्षे आणि पेन्शनपात्र वेतन यांवरून ठरते. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच पीएफचा सदस्य झालेल्या आणि तेव्हाच १५,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला पेन्शन योजना लागू होत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचा पूर्ण वाटा निधीतच जमा होतो. काही कंपन्या दोन्ही वर्गण्या १५,००० रुपयांवरच मोजतात. तेव्हा दोघांचाही वाटा १,८०० रुपये असतो, आणि तेही नियमाला धरून असते.

पीएफचा प्रशासकीय खर्च वेतनाच्या ०.५ टक्के असून तो मालकाने आपल्या वाट्याव्यतिरिक्त भरायचा असतो; कर्मचाऱ्याच्या शिलकीतून तो कापला जात नाही. मात्र ‘सीटीसी’च्या तक्त्यात अनेक कंपन्या हा खर्चही मोजतात, त्यामुळे सीटीसी आणि पासबुक यांचा मेळ सहसा लागत नाही.

प्रश्न २ : सक्तीच्या वर्गणीपेक्षा जास्त भरायचे असेल तर पीएफमध्येच भरावे की पीपीएफ उघडावे? (बँक कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर : पीएफमध्ये १२ टक्क्यांपेक्षा जास्त भरण्याला ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी म्हणतात. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या पूर्ण रकमेपर्यंत वर्गणी वाढवता येते. मालकावर मात्र त्याच्या जोडीने जास्त भरण्याचे बंधन नसते. येथे कराची एक रेघ लक्षात ठेवावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाख रुपयांच्या वर गेली, तर वरच्या रकमेवरील व्याज करपात्र होते. सक्तीची आणि ऐच्छिक वर्गणी मिळून महिन्याला सुमारे २०,८०० रुपये झाले की ही रेघ गाठली जाते.

पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. पीपीएफचे व्याज महिन्याची ५ तारीख संपतानाची शिल्लक आणि महिनाअखेरची शिल्लक यांतील कमी असेल त्या रकमेवर मोजले जाते. म्हणून दीड लाख रुपये ५ एप्रिलपर्यंत भरले, तर त्या वर्षी बाराही महिन्यांचे व्याज मिळते. तेच ३१ मार्चला, कर वाचवण्याच्या घाईत भरले, तर त्या वर्षाचे काहीच व्याज मिळत नाही. ७.१ टक्के दराने हा फरक १०,६५० रुपयांचा होतो. एप्रिलमध्ये भरणे आणि मार्चमध्ये भरणे यांत करसवलत सारखीच असते. फरक पडतो तो फक्त व्याजात.

प्रश्न ३ : नवी करप्रणाली घेतल्यावर एनपीएसमध्ये भरण्याचा फायदा उरतो का? (सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

उत्तर : स्वतः भरलेल्या वर्गणीची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०सी व संलग्न कलमांखाली एकूण दीड लाख रुपये आणि एनपीएससाठी आणखी ५०,००० रुपये अशी तिची रचना होती. २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. नव्या प्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत. पण मालकाने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम तेथेही वजा होते. २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून त्याची मर्यादा मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्के आहे. पगाराची रचना ठरवताना कंपनीने हा पर्याय दिला असेल, तर नव्या प्रणालीतही एनपीएसचा करलाभ टिकतो. मालकाची पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून वर्गणी वर्षाला साडेसात लाखांवर गेली, तर वरची रक्कम करपात्र ठरते.

एनपीएस १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली आणि १ मे २००९ पासून सर्व नागरिकांसाठी खुली झाली. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर आलेल्या कर्मचाऱ्यांनाही जुन्या पेन्शनऐवजी वर्गणीवर आधारलेली योजना लागू झाली. खर्चाच्या बाजूने एनपीएस स्वस्त राहिली आहे. २०२१ साली ठरलेल्या टप्प्यांनुसार पेन्शन फंडाचे व्यवस्थापन शुल्क, फंडाच्या आकारमानाप्रमाणे, वर्षाला ०.०९ ते ०.०३ टक्के होते.

प्रश्न ४ : म्युच्युअल फंडात आठ वर्षे दरमहा पैसे जातात. खाते उताऱ्यात शुल्क म्हणून एकही रुपया कापलेला दिसत नाही. मग ही सेवा फुकट असते का? (निवृत्तीला दहा वर्षे असलेली शिक्षिका, सांगली)

उत्तर : फुकट नसते, शुल्क युनिटच्या भावातच वजा झालेले असते. फंड घराणे आपला खर्च दररोज थोडाथोडा मोजते आणि तो काढून घेतल्यावरच त्या दिवसाची एनएव्ही जाहीर करते. या खर्चाच्या वार्षिक टक्केवारीला एकूण खर्चाचे प्रमाण किंवा टीईआर म्हणतात. त्यात व्यवस्थापन शुल्क, वितरकाचे कमिशन, निबंधक, अभिरक्षक, लेखापरीक्षण यांचा खर्च येतो.

समजा, गुंतवणुकीचे सरासरी मूल्य ८ लाख रुपये आणि खर्चाचे प्रमाण १.९ टक्के आहे. वर्षाचा खर्च १५,२०० रुपये होतो, म्हणजे रोजचे सुमारे ४२ रुपये. ते युनिटची संख्या कमी करत नाहीत, म्हणून उताऱ्यात दिसत नाहीत.

पूर्वी एक शुल्क उघड दिसत असे. इक्विटी फंडात पैसे भरताना साधारण सव्वादोन टक्के प्रवेशभार कापला जाई आणि १०,००० रुपयांपैकी ९,७७५ रुपयांच्या आसपासच गुंतत. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने तो बंद केला. दिसणारे शुल्क गेले, एनएव्हीत मिसळलेले राहिले. त्या खर्चालाही कमाल मर्यादा आहेत. एप्रिल २०१९ पासूनच्या टप्प्यांनुसार खुल्या इक्विटी योजनेच्या पहिल्या ५०० कोटींवर २.२५ टक्के, आणि ५०,००० कोटींपलीकडच्या रकमेवर १.०५ टक्के अशी उतरती मर्यादा होती. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीच्या मंडळाने मंजूर केलेल्या नव्या रचनेत फंडाचा मूळ खर्च आणि सरकारी कर व आकार वेगवेगळे दाखवण्याचे ठरले. त्यामुळे फंड घराणे स्वतः किती घेते आणि सरकारकडे किती जाते, हे स्वतंत्रपणे वाचता येते.

प्रश्न ५ : सहामाही उताऱ्यात ‘वितरकाला दिलेले कमिशन ३,५०० रुपये’ अशी नोंद आली आहे. हे पैसे खर्चाच्या वर आणखी कापले गेले का? (निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : नाही. कमिशन हे टीईआरच्या आतच असते. त्यावर जादा काही कापले जात नाही. ही नोंद येते ती सेबीच्या मार्च २०१६ च्या परिपत्रकामुळे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून, सप्टेंबर आणि मार्चअखेरच्या एकत्रित खाते उताऱ्यात दोन गोष्टी देणे बंधनकारक झाले : त्या गुंतवणूकदाराच्या गुंतवणुकीवर वितरकाला मिळालेले कमिशन, तेही रुपयांत, आणि प्रत्येक योजनेच्या रेग्युलर व डायरेक्ट अशा दोन्ही प्रकारांचे सहामाहीतील सरासरी खर्चाचे प्रमाण. हा उतारा ‘कॅस’ म्हणून ओळखला जातो. तो पॅन क्रमांकावरून तयार होतो, त्यामुळे सर्व फंड घराण्यांची गुंतवणूक त्यात एकत्र दिसते.

उताऱ्यात कमिशन रुपयांत असते, पण पूर्ण खर्च टक्क्यांतच असतो. तो रुपयांत काढण्याचे काम वाचणाऱ्याकडे राहते. रीत सोपी आहे : योजनेचे सरासरी मूल्य गुणिले खर्चाचे प्रमाण, आणि सहामाहीसाठी त्याचे निम्मे. ८ लाखांवर १.९ टक्के धरल्यास सहा महिन्यांचा खर्च ७,६०० रुपये येतो. त्यातले ३,५०० वितरकाचे आणि बाकीचे फंड घराण्याचे व इतर सेवांचे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने आगाऊ कमिशन बंद करून गुंतवणूक टिकेल तोपर्यंत वर्षानुवर्षे मिळणारे कमिशनच ठेवले. म्हणून दहा वर्षांपूर्वी एकदाच फॉर्म भरून दिलेल्या वितरकाचे नावही आजच्या उताऱ्यात दिसू शकते.

प्रश्न ६ : एका टक्क्याचा फरक एवढा महत्त्वाचा आहे का? असेल, तर सगळे पैसे डायरेक्ट योजनेत हलवावेत का? (लघुउद्योजक, मडगाव)

उत्तर : निवृत्तीची गुंतवणूक पंचवीस-तीस वर्षे चालते, त्यामुळे एक टक्का मोठा होतो. दरवर्षाच्या सुरुवातीला १ लाख रुपये, २५ वर्षे भरले, असे समजू. निव्वळ परतावा १० टक्के धरला तर शेवटी सुमारे १ कोटी ८ लाख रुपये होतात. ९ टक्के धरला तर सुमारे ९२ लाख ३० हजार. भरलेली रक्कम दोन्हीकडे २५ लाखच, पण अंतर जवळजवळ १६ लाखांचे. हे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत, परताव्याची हमी म्हणून नव्हे.

डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. फंड, व्यवस्थापक आणि आतले शेअर तेच असतात. वितरकाचे कमिशन नसल्याने खर्च कमी असतो. त्यामुळे डायरेक्टची एनएव्ही रेग्युलरपेक्षा जास्त दिसते. ती महाग असल्याची खूण नसून कमी कपातीची आहे.

जुनी रक्कम हलवणे मात्र कायद्याने विक्रीच ठरते. मुदतीच्या आत काढल्यास निर्गमभार लागतो. इक्विटी योजनेत १२ महिन्यांनंतरच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाची सूट जाऊन, १२.५ टक्के आणि त्याआधीच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. म्हणून नवे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करणे आणि जुनी युनिट दरवर्षीच्या सुटीत बसतील तेवढीच हलवणे, हा कमी खर्चाचा मार्ग ठरतो.

डायरेक्टमध्ये योजना निवडणे, नामनिर्देशन, कागदपत्रे हे सगळे गुंतवणूकदारावर येते. सल्ला हवा असेल, तर सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली नोंदणी झालेले सल्लागार ग्राहकाकडून थेट फी घेतात. ती फी डायरेक्टच्या खर्चात मिळवूनच रेग्युलरशी तुलना करावी लागते.

प्रश्न ७ : फंडाने मध्येच खर्च वाढवला तर ते कसे कळते? (गृहिणी, नागपूर)

उत्तर : प्रत्येक फंड घराण्याला आपल्या सर्व योजनांच्या खर्चाचे प्रमाण संकेतस्थळावर रोज द्यावे लागते. मूळ प्रमाणात बदल करायचा असल्यास किमान तीन कामकाजाचे दिवस आधी ईमेल किंवा एसएमएसने कळवावे लागते. हे दोन्ही नियम २०१८ पासूनचे आहेत. सूचना मिळावी यासाठी फोलिओत चालू मोबाइल क्रमांक आणि ईमेल नोंदलेला असणे आवश्यक असते. उताऱ्यातील आकडे जुळले नाहीत, तर पहिली तक्रार फंड घराण्याकडे आणि तेथे निवारण न झाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या ऑनलाइन व्यवस्थेवर नोंदवता येते. पीएफच्या तक्रारींसाठी भविष्य निर्वाह निधी संघटनेची स्वतंत्र ऑनलाइन तक्रार व्यवस्था असून तेथे यूएएन क्रमांक द्यावा लागतो.