समुपदेशकांचा फोन आला तर

पालकहो, शाळेतल्या समुपदेशकांचा फोन आला की बहुतेक घरांतून पहिला प्रश्न येतो, "काय केलंय त्यानं?" दुसरा प्रश्न ओठांवर येत नाही, पण आवाजात ऐकू येतो: आमच्या मुलाच्या डोक्यात काही बिघडलंय का? शाळेत समुपदेशनाचं काम करताना ही धास्ती मला वारंवार भेटते.

आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं आजारी नसतात. मधल्या सुट्टीत एखादीला कुणी डबा खायला सोबत घेत नाही. एखाद्याला मित्रांनी व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलेलं असतं आणि उद्या वर्गात पाऊल कसं ठेवायचं हेच त्याला सुचत नाही. कुणी खेळात आउट झाला की बॅट आपटतो. राग चढतोय हे वेळीच ओळखणं, नको असेल तिथे ठामपणे 'नाही' म्हणणं, भांडणानंतर आपणहून बोलायला जाणं, हे भागाकारासारखंच शिकवावं लागतं आणि चुकत चुकतच येतं.

आमच्याशी बोललेलं बाहेर जाणार नाही, या भरवशावर मूल बोलतं. म्हणून कळकळीनं सांगते, घरी आल्यावर "मॅडमनी काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?" अशी उलटतपासणी घेऊ नका. तशी एकदा घेतली, की मूल आमच्याकडेही गप्प होतं आणि तुमच्याकडेही. अर्थात, जिवाला धोका दिसला तर आम्ही तुम्हाला कळवतोच. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. तुमच्या शाळेत तो आहे का? की दुसऱ्या विषयाच्या सरांवरच ते काम सोपवलंय? पालकसभेत गुणांबद्दल बोलून झालं की हेही विचारा. पालकांनी लावून धरल्याशिवाय अशी पदं लवकर भरली जात नाहीत.

तोवर अडचण आली, तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येतं. फोन मुलानंच करायला हवा असं नाही. आई-बाबाही करू शकतात.