मंजुरीचा आकडा

बँक किती कर्ज देते आणि आपण किती घ्यावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०२१ च्या दिवाळीत बँकेच्या टेबलासमोर बसून मी हेच सांगत होते, तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही. आता ओळखीतलं कुणी घर घ्यायला निघालं की मला फोन येतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

माझा आकडा होता ३६ लाख, आणि तो नीट मांडून काढलेला होता. दोघांचे मिळून नव्वद हजार हातात यायचे. मुलाची शाळा आणि बस, सासूबाईंची औषधं, किराणा, गावी पाठवायचे पैसे, सगळं माझ्या वहीत महिन्यावार होतं. साडेबत्तीस हजारांच्या वर हप्ता गेला तर घरातल्या एखाद्या दुखण्यालाही कुणापुढे तरी हात पसरावा लागणार, हे त्या वहीत दिसत होतं. माझ्या ऑफिसातल्या ताईंनी २०१६ साली नऊ टक्क्यांच्या आसपास कर्ज काढलं होतं. त्यांचा अनुभव पाहून मी दर लाखाला महिना ९०० रुपये धरले. त्यावरून ३६ लाख आले. धनकवडीत जुन्या इमारतीत एक फ्लॅट ४८ लाखांना मिळत होता. लिफ्ट नव्हती, पण हवा-उजेड छान होता. आमच्याकडे किमतीत घालायला १२ लाख होते. हिशेब चोख जुळत होता.

बँकेने आमची पात्रता काढली ४८ लाख. तो कागद हातात पडताच कर्जाच्या एजंटने धायरीतला ६० लाखांचा फ्लॅट पुढे केला. एवढ्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, आणि ६० लाखांचे ८० टक्के बरोबर ४८ लाख. एजंटचं कमिशन मंजूर होऊन वाटप झालेल्या रकमेवर असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी बँकेच्या अधिकाऱ्यांना स्पष्ट विचारलं, "तुमचा ६.७० टक्के दर रेपोला जोडलेला आहे. रेपो आत्ता ४ टक्क्यांवर आहे. तो वाढला तर?" (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर.)

प्रश्न मी विचारला होता, उत्तर त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. "सर, रेट वाढला तरी ईएमआय तोच राहतो. फक्त मुदत थोडी वाढते. तुम्हाला कळणारसुद्धा नाही." मी वही उघडली, तर म्हणाले, "मॅडमना जरा समजवा सर. आज एलिजिबिलिटी आहे, उद्या हेच घर सत्तरला जाईल." शेजारी बसलेला एजंट हसला. घरी आल्यावर सगळ्यांचं एकच पालुपद, बँकवाले काय वेडे आहेत का, त्यांनी विचार करूनच दिलं असेल ना! मी एकटी पडले. ४८ लाखांच्या कागदांवर सह्या झाल्या. हप्ता ३६,३५५ रुपये, मुदत २० वर्षं.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक घराच्या किमतीत धरत नाही. पुण्यात तेव्हा शुल्क ६ टक्के होतं, म्हणजे ३ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. त्यासाठी माझ्या पाटल्या तारण ठेवल्या. पात्रता काढणाऱ्यांपैकी एकानेही या पैशाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. (एप्रिल २०२२ पासून पुण्यात मेट्रोचा १ टक्का अधिभार धरून हे शुल्क ७ टक्के आहे. घर बघायला निघण्याआधी एवढी रक्कम बाजूला काढलेली असावी.)

मग ४ मे २०२२ ला रेपो वाढला. तिथून फेब्रुवारी २०२३ पर्यंत, दहा महिन्यांच्या आत, तो ४ वरून ६.५० वर गेला. आमचा दर ६.७० चा ९.२० झाला. हप्ता मात्र दर महिन्याला तेवढाच कापला जात होता, त्यामुळे घरात सगळे निश्चिंत होते.

आर्थिक वर्ष संपल्यावर आयकरासाठी व्याजाचा दाखला काढला. वर्षभरात मुद्दल लाखाच्या वर फिटायला हवं होतं, दाखल्यावर जेमतेम ६० हजार होतं. म्हणून कर्जखात्याचा पूर्ण उतारा काढून एकेक ओळ बोटाने बघत गेले. सुरुवातीला हप्त्यातले साडेनऊ हजार मुद्दलात जात होते. पुढे सहा हजार, मग अडीच हजार, मग बाराशे. एप्रिल २०२३ च्या ओळीत व्याज ३६,०४२ आणि मुद्दल ३१३. छत्तीस हजारांतले तीनशे तेरा रुपये! या चालीने कर्ज फिटायला पन्नास वर्षं लागली असती. "तुम्हाला कळणारसुद्धा नाही" म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

शाखेत गेले तर ते अधिकारी बदलून गेलेले. नव्या साहेबांनी करारातलं एक कलम दाखवलं आणि म्हणाले, "मॅडम, सही तुमचीच आहे." वीस वर्षांतच फेडायचं तर हप्ता ४४ हजारांवर न्या, नाहीतर एकरकमी पैसे भरा, असे दोन पर्याय दिले. हप्ता वाढवला. मुलाचा तबल्याचा क्लास बंद झाला, माझी भिशी बंद झाली, पाटल्या सोडवायच्या राहिल्या. त्या रात्री मी ३६ लाखांचा हिशेब नव्या दराने मांडून घरच्यांपुढे ठेवला. ९.२० टक्क्यांनीसुद्धा हप्ता ३२,८५५ आला असता. दर वाढण्याआधी आम्ही भरत होतो त्याहून तो साडेतीन हजारांनी कमी. त्यावर कुणी काही बोललं नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराला विचारायचं. बँकेच्या धोरणाप्रमाणे स्थिर दरावर जायचीही मुभा तेव्हा द्यायची होती. दर तिमाहीला फिटलेलं मुद्दल, व्याज आणि उरलेले हप्ते दाखवणारं विवरण द्यायचं. म्हणजे माझा प्रश्न चुकीचा नव्हता. जुन्या कर्जांनाही डिसेंबर २०२३ अखेरपर्यंत हे लागू करायचं होतं. हे विवरण तुम्हाला येत नसेल तर लेखी मागा.

आता कर्ज काढणाऱ्यांसाठी. आजच्या दरात अडीच टक्के मिळवा आणि त्या दराने हप्ता काढा. वीस वर्षांसाठी दर लाखाला ६.७० टक्क्यांनी ७५७ रुपये पडतात, ९.२० ने ९१३. तुम्हाला झेपणाऱ्या हप्त्याला वाढीव दराच्या आकड्याने भागलं की किती लाख घ्यायचे ते निघतं. झेपणारा हप्ता म्हणजे पगाराचा अर्धा वगैरे नव्हे, तुमच्या वर्षभराच्या खर्चाच्या नोंदीतून उरतो तो. नोंद नसेल तर घर सहा महिने लांबवा आणि नोंद ठेवा. तेवढे महिने भाडं आणि होणारा हप्ता यांतल्या फरकाचं आवर्ती ठेव खातं चालवून बघा. एखाद्या महिन्यात ते चुकलं तर रक्कम कमी करा. बोनस धरू नका. दोघे कमावते असाल तर एकाची नोकरी गेली तरी काही महिने निभेल असं बघा. हे सगळेच सांगतात, पण खरं आहे.

कर्जासोबतचा विमा सक्तीचा आहे असं सांगतील. तो सक्तीचा नसतो, आम्हालाही सांगितलं होतं आणि तिथे तरी मी ऐकलं नाही. मुदतीचा विमा स्वतंत्र काढा. करसवलतीच्या गाजरासाठी कर्ज वाढवू नका. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. दर कधी बदलणार, बदलल्यावर हप्ता हलणार की मुदत, हे ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी आश्वासन देणाऱ्याची बदली होते.

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. असा दर उतरला की हप्ता कमी करायचा मोह झाला तरी करू नका, मुदत कमी करून घ्या. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे जमेल तेव्हा थोडी रक्कम भरत राहा. आम्ही तसंच करतो आहोत.

आणि एक कळकळीची विनंती. घरखर्चाची वही ज्या बाईच्या हातात आहे तिला बँकेत शोभेला नेऊ नका. तिचा आकडा ऐका, आणि अधिकारी तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे बघून देत असेल तर सही न करता उठून या.