ओट्यावरची काळी रेघ

आमचं घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. एवढ्या उंच मुंग्या कशाला चढतील, असं राहायला येताना वाटलं होतं. पहिल्याच मे महिन्यात ओट्यावर काळी रेघ हजर! लेक तेव्हा रांगत होता, हाताला लागेल ते तोंडात घालत होता. त्यामुळे खडू आणि फवारा दोन्ही बाद. मग जे जे करून पाहिलं, त्यातलं हे थोडं.

१. आधी बघा, मग पुसा. रेघ दिसली की मी फडकं मारायचे आणि अर्ध्या तासात ती परत तिथंच. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, येतात कुठून ते तरी बघ." रात्री दिवे मालवून, बॅटरी घेऊन सिंकखाली बसले. नळाच्या पाइपाभोवती करंगळीएवढी फट होती. पांढरं सिमेंट कालवून बुजवली. पंधरा मिनिटांचं काम, आणि मी त्याआधी तीन आठवडे फडकं मारत होते.

२. नुसत्या पाण्यानं पुसू नका. मुंगी चालताना पोटाच्या टोकानं वाटेवर वास सोडत जाते आणि मागची त्या वासावर येते. ओल्या फडक्यानं मुंग्या जातात, वाट राहते. भांड्यांच्या साबणाचं पाणी किंवा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, यानं वाट मोडते. ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवरी असेल तर व्हिनेगर नको, चकाकी उडते.

३. हळदीबद्दल माझं मत वाईट आहे. हळदीची रेघ ओढली, तिला वळसा घालून मुंग्या गेल्या. ओट्यावर डाग मात्र राहिला. साखरेत लवंगा टाकल्या, तर आठवडाभर चहाला लवंगेचा वास. घट्ट झाकणाचा डबा आणला आणि साखरेचा प्रश्न मिटला.

४. गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवायची जुनी रीत अजूनही चोख चालते. पण डबा परातीच्या कडेला टेकता कामा नये, आणि लोंबणाऱ्या फडक्याचं टोकसुद्धा पूल होतं. पाण्यावर धुळीची साय धरली की तिच्यावरूनही मुंग्या चालत जातात. साबणाचा एक थेंब टाका, मग पाणी त्यांना तोलून धरत नाही. पाणी रोज बदला, नाहीतर मुंग्या जाऊन डास व्हायचे.

५. कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडर साखरपाण्यात कालवून ठेवा, असं मला चौघींनी सांगितलं. मुंग्या ते चाटून वारुळात नेतात, उपाय खरा आहे. पण घरगुती म्हणजे बिनविषारी नव्हे. रांगतं मूल असताना मी ते केलं नाही.

६. एवढं करून स्वयंपाकघर सुटलं, पण गॅलरीच्या दारातून दुसरी रेघ सुरू झाली. खाण्याचा कणही नाही तिथं! दोन दिवस मागावर राहिले. रेघ जात होती कुंडीतल्या जास्वंदीकडे. कळ्यांच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके होते, पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि मागून चिकट, गोड द्रव सोडतो. मुंग्या तो गोळा करतात, बदल्यात त्याच्यावर येणाऱ्या शत्रूंना हुसकावतात. म्हणजे आमच्या गॅलरीत त्यांचा गोठाच होता, आणि मी रोज निष्ठेनं त्याला पाणी घालत होते. जास्त किडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले. उरलेल्या पुंजक्यांवर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण घालून फवारलं, पानांच्या मागच्या बाजूनंही. उन्हं उतरल्यावर फवारायचं, भर उन्हात पानं करपतात. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा केलं. तिसऱ्या फवारणीनंतर दारातली रेघ विरळ होत गेली आणि मग दिसेनाशी झाली.

७. पावसाळा धरून चाला. जूनमध्ये पहिल्या जोरदार सरीनंतर त्या तोंडात पांढरी अंडी धरून पुन्हा आल्या, या वेळी खिडकीच्या चौकटीतून. या मुक्कामाला नव्हत्या, कोरडी जागा शोधत होत्या. चौकटीला साबणाचं पाणी लावलं, दोन दिवसांत गेल्या. आता बॅटरी सिंकखालीच खिळ्याला टांगलेली असते, आणि जास्वंदीचं फूल खुडताना सासूबाई आधी देठ उलटा करून बघतात.