सीपॅपकडून किती मागावं

फेब्रुवारी २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं जुहूच्या रुग्णालयात निधन झालं. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचा म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराचा उल्लेख होता, आणि तोवर ‘बाबा फार घोरतात’ म्हणून हसण्यावारी नेलेल्या गोष्टीला अनेकांच्या लेखी एक भीतिदायक नाव मिळालं. भीती वाटली ते एका अर्थी बरंच झालं. पण भीतीपोटी घेतलेल्या उपचाराकडून माणूस भलतंच काही मागतो. सीपॅपचा, म्हणजे झोपेत दाबाची हवा सोडणाऱ्या मशीनचा, मास्क लावल्या रात्रीपासून सकाळी ताजंतवानं वाटावं, बीपीची गोळी सुटावी, पोट उतरावं, हार्ट अटॅक कायमचा टळावा. महिन्याभरात यातलं काही दिसलं नाही, की हजारो रुपयांचं मशीन कपाटावर जाऊन बसतं. माझं मत असं की सीपॅप हा चांगला उपचार आहे, पण त्याचं काम फार नेमकं आहे. ते काम कोणतं हे आधीच नीट समजून घेतलं नाही, तर मशीन चालत असतानाही ते फसलं असंच वाटत राहतं.

या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट मिटते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये दाखवून दिलं, की नाकातून सतत दाबाची हवा सोडली तर ही वाट मिटतच नाही. सीपॅप करतं ते एवढंच. त्याचा परिणाम गोळीसारखा अंगात साठत नाही. मास्क निघाला की घसा पुन्हा मिटायला लागतो. म्हणून मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये सकाळी दिसणारा आकडा जरा जपून वाचावा. दर तासाला श्वास किती वेळा अडतो ते सांगणारा एएचआय ५च्या खाली असला तर ठीक, ३०च्या वर गेला तर आजार तीव्र मानतात. समजा, मूळ आकडा ४० आहे आणि अ‍ॅप २ दाखवतंय. पण तो २ फक्त मास्क तोंडावर असलेल्या वेळेचा. सहा तासांच्या झोपेत मास्क तीनच तास लावला असेल तर उरलेले तीन तास ४०चेच, आणि अख्ख्या रात्रीची सरासरी २१. म्हणजे आजार मध्यम स्वरूपात शिल्लकच आहे. त्यातून स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि अनेकांचा श्वास तिच्यातच सर्वांत जास्त अडतो. मध्यरात्रीनंतर मास्क काढून ठेवणारा नेमके तेच तास उघडे टाकतो. ‘रोज चार तास पुरे’ हा जो हिशेब सगळीकडे ऐकू येतो, तो अमेरिकेतल्या विम्याचे पैसे मंजूर करण्यासाठीचा किमान निकष आहे. त्याला आरोग्याची मर्यादा समजू नये.

आणि मुंबईच्या उपनगरात तर मुळात झोपच किती असते? बोरिवलीहून चर्चगेट किंवा मुलुंडहून सीएसएमटी गाठणाऱ्याला रात्री जेवून आडवं व्हायला साडेअकरा होतात. पहाटे पाण्याची वेळ, डबे, मुलांची शाळा. घरातल्या बाईच्या वाट्याला तर त्याहूनही कमी. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात; पाच तासांची झोप सीपॅप लावूनही पाच तासांचीच राहते. तिचा दर्जा सुधारेल, लांबी वाढणार नाही. लोकलमध्ये घाटकोपर यायच्या आत डोळा लागतो, याचं सगळं खापर श्वासावर फोडता येत नाही आणि मशीनवर तर नाहीच. उपचार सुरू करताना झोपेच्या तासांचा हिशेब कागदावर मांडावा. अर्धा तास लवकर झोपणं जमलं, तर त्याचा फायदा महागड्या मास्कच्या बरोबरीने पदरात पडतो.

कोणाला काय जाणवेल हेही आधी ठरवता येतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास केला होता. तो २००४मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडण्याचं अंदाजे प्रमाण १९.५ टक्के आलं, पण त्याबरोबर दिवसा पेंग येणारे ७.५ टक्केच होते. (स्त्रिया या अभ्यासात नव्हत्या, रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातही हा आजार वाढतो आणि बऱ्याचदा नुसता थकवा किंवा निद्रानाश म्हणून निसटतो.) म्हणजे ज्यांचा श्वास अडतो त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना दिवसा झोप येतच नाही. अशा माणसाला मशीन लावून ‘काही फरक वाटत नाही’ असं वाटलं, तर त्यात नवल नाही. जी तक्रार नव्हती ती जाणार कुठून? ज्याला भर दुपारी खुर्चीत झोप लागते, त्याला मात्र फरक कळतो. घोरणं त्याच रात्री थांबतं, पेंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरते. रिक्षा, टॅक्सी, बस चालवणाऱ्यांसाठी हा एकच फायदा उपचाराला पुरेसा आहे. नियमित वापर करूनही थोड्या रुग्णांची पेंग जात नाही. तेव्हा थायरॉइड, ब-१२, नैराश्य, सर्दीच्या गोळ्या, रात्रीचा पेग, सगळं पाहावं लागतं. नुसता हवेचा दाब वाढवत बसून ते सुटत नाही.

हृदयाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेल्या २,७१७ जणांवर भारतासह सात देशांत चाचणी झाली. २०१६मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत सीपॅपमुळे हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. मग कशाला एवढा खटाटोप, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या चाचणीत मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता आणि फार पेंग येणाऱ्यांना तिच्यात घेतलंच नव्हतं. तरीही दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि जगण्याचा दर्जा यांत सुधारणा दिसली. मी यातून एवढंच घेतो, की सीपॅपला हृदयाचा विमा समजू नये. रक्तदाबही सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतो. औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबात आणि रोज जास्त तास मास्क लावणाऱ्यांत फायदा थोडा अधिक. गोळी सुटेल अशी आस धरू नये, आणि डॉक्टरांना न विचारता ती बंद तर करूच नये.

इतकं मोजूनमापून सांगितलं तर कोणी मशीन घेणारच नाही, असं काही जण म्हणतात. मला उलट वाटतं. मशीन रोज लावायची सवय जडते की सुटते, हे बरंचसं पहिल्या आठवड्यातच दिसतं, आणि त्या आठवड्यात सुख कमी, त्रासच जास्त. नाकाच्या हाडावर वळ उठतो. तोंड उघडं राहिलं की घसा कोरडा पडतो. पावसाळ्यात एसीने खोली गार केली की ह्युमिडिफायरची दमट हवा नळीत थंडावते आणि मास्कमध्ये पाणी गुडगुडतं. वन रूम किचनमध्ये शेजारी झोपलेल्याची झोपमोड मशीनच्या घरघरीपेक्षा सैल मास्कमधून सुटणाऱ्या हवेने होते. या प्रत्येक गोष्टीला उपाय आहे, पण तो मागायला माणूस पुन्हा दवाखान्यात यायला हवा. चमत्काराच्या आशेवर असलेला येत नाही. त्रास होणार हे माहीत असलेला तक्रार घेऊन येतो.

राहिलं वजन. सीपॅपने ते उतरत नाही, कधी किंचित वाढतंही. वजन घटवलं की मशीन सुटेल, हे अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात १० टक्के वजन घटलेल्यांचा एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरला होता. म्हणजे ४०चा ३०च्या आसपास. झालेला फायदा मोठाच, पण तेवढ्यावर मास्क काढता येत नाही. टिर्झेपॅटाइडसारख्या इंजेक्शनने लठ्ठ रुग्णांमध्ये याहून जास्त उतार मिळाल्याचं २०२४च्या चाचण्यांत दिसलं, आणि पुढची काही वर्षं हीच चर्चा चालणार. मात्र ज्याचा जबडाच लहान किंवा मागे आहे, त्याचं वजन उतरलं तरी घशातली जागा अरुंदच राहू शकते. तेव्हा वजन भरपूर घटलं तर आधी पुन्हा स्लीप स्टडी करावी. दाब कमी करायचा की मशीन बंद करायचं, हे तिच्या अहवालावरून डॉक्टर ठरवतील.