जुन्या बुलेटचं टायमिंग

सुट्टीत वसमतला जाऊन घरची जुनी, पॉइंटवाली बुलेट ३५० काढणाऱ्या मित्रांनो, किक उलटी आली तर घोटा कामातून जातो. बहुतेक वेळा दोष टायमिंगचा. स्पार्क फार लवकर पडला की वर येणारा पिस्टन मध्येच मागे ढकलला जातो. उशिरा पडला तर गाडी ओढत नाही, सायलेन्सर मात्र तापतो.

आधी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंगही सरकतं. टायमिंग आधी आणि गॅप नंतर केला तर सगळी मेहनत पाण्यात.

फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, आपल्याला कॉम्प्रेशनचाच हवा. टॅपेट कव्हर काढून बघा, दोन्ही पुशरॉड बोटाने फिरले पाहिजेत. जुन्या लोखंडी इंजिनात पिस्टन टोकाला पोचायच्या ०.८ मि.मी. आधी पॉइंट उघडावेत, तेही ॲडव्हान्सची वजनं मिटलेली असताना.

उघडले कसं कळणार? पॉइंटमध्ये पातळ कागद धरून हलकेच ओढा. सुटला की तोच क्षण. नाहीतर चावी चालू करून ॲमीटर बघा, काटा डिस्चार्जवरून शून्यावर येतो. (बुलेटवाल्यांची ही आवडती युक्ती!) प्लेट कॅमच्या उलट दिशेने फिरवली की स्पार्क लवकर. केसभरच फिरवा, स्क्रू आवळा आणि कागद पुन्हा ओढून बघा.