गणपतीचं वाहन आणि कुलूपबंद खोली

आमच्या भावकीत ‘उंदीर मारणारी’ म्हणून माझं नाव झालं आहे. तेव्हा काय घडलं ते एकदाचं लिहूनच टाकते.

कसालचं घर कौलारू, सामाईक. राहतो आम्ही, बाकीचे चतुर्थीला येतात. चुलत दिरांच्या खोलीला वर्षभर कुलूप आणि किल्ली डोंबिवलीत. आत जुन्या गाद्या, गोणपाटं, कधीचा तरी उरलेला उकडा तांदूळ. उंदरांना आणखी काय हवं? मादी तीन आठवड्यांत विते. तिथून माळ्यावर, माळ्यावरून आमच्या भाताच्या कणगीत. किल्ली पाठवा, आत चाप लावते, म्हणून फोन केला तर उत्तर आलं, “वयनी, गणपतीचा वाहन ता. मारू नकात, पाप लागात.”

श्रावण होता, मनाला लागलं. म्हणून पिंजरा आणला, आत सुक्या बांगड्याचं डोकं अडकवलं आणि सापडलेला उंदीर व्हाळापलीकडे नेऊन सोडू लागले. पलीकडे ज्यांचं भात होतं ते एकदा शांतपणे म्हणाले, “तुमचा पुण्य माझ्या शेतात कित्याक?” काय बोलणार?

चतुर्थीला दीर आले. खोलीतला लेंड्यांचा सडा बघून वर मलाच म्हणाले, “तुम्ही घरात असून?” संध्याकाळी बाजारातून ग्लू पॅड आणून खाटेखाली सरकवले. विष नाही, रक्त नाही, म्हणे. रात्री चिरकणं ऐकून मी उठले. बॅटरी मारली तर एका गालाचे केस गोंदात रुतलेले, सुटायच्या धडपडीत मागचा पाय सोललेला, पोट भात्यासारखं हलतंय. दिरांना उठवलं. “सकाळी बघूया,” म्हणून ते कुशीवर वळले. त्या क्षणी उमगलं, ह्या माणसाला उंदीर मेल्याचं काही नव्हतं, फक्त स्वतःच्या हाताने मारायला नको होतं. खोबरेल ओतून सोडवून पाहिला; पाय कामातून गेला होता. फडक्यात गुंडाळून एका घावात मीच संपवला. सकाळी आरतीला सगळ्यात मोठा आवाज दिरांचा. आमचे हे नेहमीप्रमाणे गप्प.

तेव्हा ग्लू पॅड घरात आणू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही २०११ आणि २०२० साली त्याविरुद्ध राज्यांना कळवलं आहे, तरी ते दुकानात राजरोस मिळतात. मारायचाच तर कडक स्प्रिंगचा चाप, तोही भिंतीलगत, कारण उंदीर भिंत धरून पळतो. आणि रोज सकाळी तपासायचा. ब्रोमाडिओलोनची वडी खाऊन उंदीर लगेच मरत नाही. काही दिवसांनी कुठेतरी माळ्यात मरतो आणि वास आपण काढायचा. तो मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही अंगात जातं. पिवळ्या फॉस्फरसच्या ट्यूबवर तर उताराच नाही. लहान मुलं असलेल्या घरात ती नकोच.

स्वच्छता ठेवा, अन्न झाका, हे सगळेच सांगतात. मी सांगते, फटी बुजवा. उंदराला अर्ध्या इंचाची फट पुरते, म्हणून सिमेंटमध्ये काच कुटून भरा, मोरीच्या पाइपाला लोखंडी जाळी लावा, कौलांना टेकलेल्या फांद्या छाटा. आत यायला वाट नसली तर मारायचा प्रश्नच येत नाही. लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून, ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. पावसाळ्यात ताप आला तर घरात उंदीर आहेत हे डॉक्टरला आपणहून सांगा.

आणि चाकरमान्यांनो, पाप-पुण्य फोनवरून सांगण्याआधी गाद्या-तांदूळ काढून खोली रिकामी करा आणि किल्ली गावात ठेवा. आमच्या दिरांची किल्ली अजून डोंबिवलीतच आहे.